रदूतेचे गुलाब : शास्त्राची साक्ष, कलेचे दान

काही कलाकृतींना त्यांची लोकप्रियताच बाधते. प्येर-जोझेफ रदूते या चित्रकाराच्या गुलाबांचे नेमके असेच झाले आहे. दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये छापलेली त्याची चित्रे आज दिनदर्शिकांवर, शुभेच्छापत्रांवर, चहाच्या कपबश्यांवर, बिस्किटांच्या डब्यांवर सर्वत्र दिसतात. ज्यांनी रदूतेचे नाव कधी ऐकलेले नाही त्यांच्याही घरात त्याचा एखादा गुलाब असण्याचा संभव आहे. मात्र त्या गुलाबाखालची लॅटिन नावाची ओळ बहुधा कापून टाकलेली असते. कधी खालचे पानही कापलेले असते, तर कधी देठावरचे काटे चौकटीबाहेर गेलेले असतात. उरते ते एक सुंदर फूल. अशा सुंदर फुलाकडे आपण क्षणभर पाहतो, 'छान' म्हणतो आणि पुढे जातो.

या चित्रांविषयी दोन मते प्रचलित आहेत. शास्त्राचे अभ्यासक म्हणतात, ही राजदरबारी सजावट आहे. राण्यांना रिझवण्यासाठी रंगवलेली. कलेचे अभ्यासक म्हणतात, हे पाठ्यपुस्तकातले आलेखन आहे. यात कल्पनेला वाव कुठे? आमच्या मते ही दोन्ही मते एकाच गैरसमजातून निघाली आहेत. सत्य सांगायचे तर सौंदर्याला मुरड घालावी लागते आणि सौंदर्य साधायचे तर सत्याशी थोडी तडजोड करावी लागते, असा तो समज आहे. हा समज केवळ चित्रकलेपुरता राहिला असता तर आम्ही त्याची दखल घेतली नसती. परंतु आपल्या लेखनात, प्रवचनात आणि शिक्षणातही तो खोलवर शिरला आहे. म्हणून रदूतेचे गुलाब निमित्तमात्र मानून त्याची येथे तपासणी करावी, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम चित्रकाराविषयी थोडे. रदूतेचा जन्म 1759 साली सें-युबेर या गावी झाला. आर्देनच्या अरण्यप्रदेशातले हे गाव आज बेल्जियममध्ये आहे. त्या काळी तेथील मठ हेच गावाचे हृदय होते. घराणे चित्रकारांचे. कोवळ्या वयातच रदूते घराबाहेर पडला आणि सुमारे दहा वर्षे गावोगाव फिरून भिंती सजवणे, व्यक्तिचित्रे काढणे, धार्मिक चित्रे रंगवणे अशी मिळतील ती कामे करत राहिला. 1782 साली तो पॅरिसला थोरल्या भावाकडे गेला. भाऊ रंगभूमीचे पडदे रंगवी; धाकट्याने हाताशी काम करावे आणि उरलेल्या वेळात राजोद्यानात जाऊन फुले चितारावीत, असा क्रम सुरू झाला. तेथे त्याला दोन गुरू लाभले. लेरितिए द ब्रुतेल या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याला फूल उकलून पाहायला शिकवले. गेरार्ट व्हान स्पेंदोंक या डच परंपरेतील चित्रकाराने त्याला चर्मपत्रावर जलरंगाची पारदर्शकता साधायला शिकवले. एकाने डोळा दिला, दुसऱ्याने हात दिला. रदूतेच्या साऱ्या कर्तृत्वाचे बीज या दुहेरी शिक्षणात आहे.

पुढे मारी आंत्वानेत, मग राज्यक्रांती, मग नेपोलियनची पत्नी जोझेफीन, मग पुन्हा बूरबाँ राजे असे सत्तेचे पट पालटत गेले. रदूते मात्र फुलेच रंगवत राहिला. त्याला कोणी संधिसाधू म्हणेल. आम्ही एवढेच म्हणू, की सिंहासने कोसळत असताना ज्या माणसाने निदलांवरचे केस मोजले त्याच्या निष्ठेचे स्थान कुठे होते हे स्पष्ट आहे.

'ले रोझ' हा त्याचा ग्रंथ 1817 ते 1824 या काळात तीस हप्त्यांत प्रसिद्ध झाला. एकूण तीन खंड, 169 गुलाबांची चित्रे. मुद्रण फिरमँ दिदो यांचे. याविषयी एक दंतकथा रूढ आहे, की हा ग्रंथ म्हणजे जोझेफीनच्या मालमेझाँ येथील बागेतल्या गुलाबांचा संग्रह. ती तपासून घेतली पाहिजे. जोझेफीन 1814 साली वारली आणि ग्रंथाचा पहिला हप्ता तीन वर्षांनी निघाला. चित्रांसाठी पॅरिस व आसपासच्या अनेक बागांतून व रोपवाटिकांतून झाडे मिळवली गेली. चित्रांना जोडलेले वर्णन लिहिले ते क्लोद-आंत्वान तोरी या गुलाबप्रेमी अभ्यासकाने. राणीच्या नावाने पुस्तक खपते आणि तोरीचे नाव कुणालाच आठवत नाही, ही प्रसिद्धीची जुनी रीत आहे.

आता चित्रांकडे वळू. रानगुलाबाला पाच पाकळ्या असतात, हे शाळकरी मूलही जाणते. पाकळ्यांच्या खालच्या पाच हिरव्या निदलांकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. युरोपातील साध्या रानगुलाबाची निदले नीट पाहिली तर दोघांच्या दोन्ही कडांना झालर असते, दोघांच्या कडा साफ असतात आणि पाचव्याच्या एकाच कडेला झालर असते. यावर मध्ययुगात लॅटिनमध्ये एक कोडे रचले गेले होते : पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघांना नाही, पाचव्याला अर्धीच. कळी मिटलेली असताना जी कड दुसऱ्या निदलाखाली झाकलेली राहते तिला झालर फुटत नाही आणि जी बाहेर राहते तिला फुटते, हे त्याचे सरळ कारण. कोणी तरी शांतपणे फूल उलटे करून पाहिल्यावाचून हे कोडे सुचणे शक्य नव्हते. रदूतेने तोच कित्ता गिरवला. त्याच्या चित्रांत कळीची निदले, त्यांच्या कडांची झालर, देठावरच्या ग्रंथियुक्त केसांची दाटी, पानाच्या बुडाशी देठाला चिकटून असलेली उपपर्णे, प्रत्येक पर्णिकेच्या कडेचे दाते, हे सारे जागच्या जागी आहे.

काट्यांचेच पाहा. बोलीत आपण सर्वच टोकदार गोष्टींना काटा म्हणतो. परंतु लिंबाचा काटा ही खोडाच्या आतून आलेली फांदीची रूपांतरित अवस्था आहे, तर गुलाबाचा काटा केवळ सालीवरची वाढ आहे. अंगठ्याने बाजूला दाबला तर तो अलगद सुटून येतो. तो सरळ की आकड्यासारखा वाकलेला, विरळ की दाट, एकाच मापाचा की लहानमोठा, यावरून जाती ओळखता येतात. भावगीतातला काटा हा दुःखाचे प्रतीक असतो. रदूतेचा काटा हा पुरावा असतो. आणि गंमत अशी की पुरावा म्हणून रंगवलेला तो काटा पाहताना बोटाला टोचल्याचा भास होतो. प्रतीक म्हणून रंगवलेल्या काट्याच्या बाबतीत असे सहसा घडत नाही.

हा परिणाम साधण्यात छपाईच्या तंत्राचा वाटा मोठा आहे. त्या काळी ताम्रपटावर रेषा कोरून चित्र छापत आणि मग हाताने रंग भरत. रेषेमुळे पाकळीला कड येते. प्रत्यक्ष पाकळीला अशी काळी कड नसते. तिथे प्रकाश हळूहळू सावलीत विरघळतो. रदूतेच्या कोरक्यांनी रेषेऐवजी बारीक ठिपक्यांनी ताम्रपट कोरले. ठिपके दाट तेथे सावली, विरळ तेथे उजेड. मग एकाच पटावर वेगवेगळ्या जागी वेगवेगळे रंग कापडाच्या बोळ्यांनी चोपडून एका दाबात रंगीत ठसा घेतला जाई आणि शेवटी कुंचल्याने हात फिरवला जाई. प्रत्येक ठशासाठी पट नव्याने रंगवावा लागे. हे तंत्र रदूतेने शोधले असे म्हणणे योग्य नव्हे. इंग्लंडमध्ये बार्तोलोझ्झी प्रभृतींनी ते आधीच रुजवले होते. फुलाच्या त्वचेसाठी ते किती अनुरूप आहे हे ओळखणे आणि त्याला पूर्णत्वाला नेणे, हे श्रेय मात्र त्याचे आहे. या ग्रंथामागे कोरक्यांची व छपाई-कामगारांची एक मंडळीच उभी होती, हेही येथे नमूद केले पाहिजे.

एवढ्याने चित्र चांगले ठरते काय? समीक्षेला निकष हवा. संत थॉमस अक्वायनस यांनी सौंदर्याची तीन लक्षणे सांगितली आहेत : अखंडता, प्रमाणबद्धता आणि तेज. सेमिनरीत हे सूत्र आम्ही पाठ केले, तसे ते अनेकांनी केले असेल. ते ईश्वरविद्येच्या ग्रंथात आहे म्हणून चित्राला लावू नये असे नाही. उलट वनस्पतिचित्राला ते जितके चपखल बसते तितके क्वचितच अन्यत्र बसत असेल. कारण शास्त्राच्याही मागण्या याच आहेत. वनस्पती अपुरी असू नये, तिच्या भागांची मापे परस्परांशी जुळावीत आणि तिचे जातिरूप ठळकपणे उजळून दिसावे.

प्रमाणबद्धता आणि तेज या दोन कसोट्यांवर रदूते निर्विवाद उतरतो. त्याच्या 'रोझा सेंटिफोलिया'चे चित्र घ्या. शतपत्री गुलाब म्हणजे पाकळ्यांच्या भाराने मान टाकणारे फूल. पुंकेसरांचेच रूपांतर होऊन त्या असंख्य पाकळ्या बनलेल्या असतात. त्यामुळे हे फूल बहुधा बीज धरत नाही. त्याचे वैभव हेच त्याचे वांझपण. रदूतेने हे कुठेही शब्दांत सांगितलेले नाही. तरी देठाच्या त्या झुकण्यात, आतल्या पाकळ्यांच्या चुरगळलेल्या दाटीत ते दिसते. हे विधान शास्त्राचे की काव्याचे, हा प्रश्नच येथे गैरलागू होतो.

अखंडतेच्या कसोटीवर मात्र तो उणा पडतो, हे मान्य केले पाहिजे. त्याच्या बहुतेक चित्रांत फुलाचा उभा छेद नाही, फळाची आतली रचना नाही. गुलाबाच्या कुक्षीवृंतांची ठेवण, म्हणजे ते सुटे आहेत की जुळून स्तंभ झाला आहे, हे वर्गीकरणात महत्त्वाचे असते; चित्रात ते पाकळ्यांआड राहते. फूल उन्हाळ्याच्या प्रारंभी येते आणि फळ शरदात पिकते. चांगल्या वनस्पतिचित्रात हे दोन्ही ऋतू एका कागदावर एकत्र येतात. रदूते अनेकदा फुलापाशीच थांबतो. ग्राहक फुलाचा होता, फळाचा नव्हता. येथे सौंदर्याने सत्याला मागे सारले असे कोणी म्हणेल. आम्ही म्हणू की येथे सौंदर्यही तेवढेच उणे राहिले. लालभडक फळांवाचून गुलाबाचे वर्ष पुरे होत नाही.

तुलनेने हा मुद्दा अधिक उघड होईल. रदूतेपूर्वी लंडनमध्ये मेरी लॉरन्स या चित्रकर्तीने 1796 ते 1799 या काळात गुलाबांची नव्वद चित्रे प्रसिद्ध केली. केवळ गुलाबांना वाहिलेला असा चित्रग्रंथ काढण्याचे धाडस मोठे. पण तिचे काटे आणि पाने पुष्कळदा एकसारखी वाटतात आणि जाती ओळखणे अवघड होते. 1820 साली जॉन लिंडली या तरुण शास्त्रज्ञाने गुलाबांवर प्रबंध लिहिला आणि त्यातील जवळजवळ सर्व चित्रे स्वतःच काढली. त्यांत शिस्त आहे, पण फुलाला श्वास नाही. पुढे 1910 ते 1914 या काळात एलन विल्मॉट या उद्यानप्रेमी बाईंनी 'द जीनस रोझा' हा भव्य ग्रंथ काढला. त्याची चित्रे आल्फ्रेड पार्सन्स या निसर्गचित्रकाराची. पार्सन्सची मूळ जलचित्रे सुंदर आहेत; त्यांच्या छपाईने मात्र घात केला आणि बाई नाराज झाल्या. या तिघांच्या मानाने रदूतेचे मोठेपण हे की डोळा, हात आणि यंत्र या तिन्ही गोष्टी त्याच्यापाशी एका पातळीवर आल्या.

आता एक गहन प्रश्न. चित्राखालचे नावच चुकीचे असेल तर? लिनीअसने 1753 साली गुलाबांची वर्गवारी करताना मोकळेपणाने लिहून ठेवले की या जातींच्या सीमा आखणे कठीण आहे आणि कदाचित निसर्गानेच त्या आखल्या नसाव्यात. एवढ्या मोठ्या नामकर्त्याची ही नम्रता लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याची शंका खरी ठरली. 1920 च्या सुमारास पेशींच्या अभ्यासातून कळले की युरोपातील रानगुलाबाच्या, म्हणजे 'रोझा कॅनिना'च्या पेशीत बहुधा 35 गुणसूत्रे असतात. परागाकडून त्यांतली 7 येतात आणि बीजांडाकडून 28. संततीत मातेचा वाटा असा चौपट असल्याने प्रत्येक कुळी आपले किरकोळ वैशिष्ट्य पिढ्यानपिढ्या जपते आणि पाहणाऱ्याला ती स्वतंत्र जातच वाटते. तोरीने आणि त्याच्या समकालीनांनी दिलेली कित्येक नावे त्यामुळे टिकली नाहीत.

'ले रोझ'मधील एक चित्र 'रोझा कॅनिना बुर्बोनिआना' या नावाचे आहे. बूरबाँ बेटावरून, म्हणजे आजच्या रेयुनियनवरून, आलेला हा गुलाब. त्याचा रानगुलाबाशी जोडलेला संबंध चुकीचा होता. तो दमास्क आणि चिनी गुलाबांच्या संकरातून जन्मलेला होता. नाव खोटे ठरले, चित्र खरे राहिले. किंबहुना चित्र खरे होते म्हणूनच नावाची चूक पुढच्यांना दाखवता आली. पाहिलेले प्रामाणिकपणे मांडून ठेवणाऱ्याचे हेच सामर्थ्य. आपला निष्कर्ष चुकला तरी त्याची साक्ष वाया जात नाही.

हे चित्रग्रंथ निघत होते तो काळही गुलाबांच्या इतिहासातला सांधा होता. युरोपातील जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलत. चीनमधून आलेले गुलाब वारंवार फुलत. या दोहोंच्या संकरातून पुढे आजचे गुलाब घडले. 1867 सालचा 'ला फ्रान्स' हा त्या नव्या वर्गाचा पहिला मानकरी समजला जातो. रदूतेने रंगवले ते या संकराच्या उंबरठ्यावरचे गुलाब. चिनी गुलाब कलकत्त्याच्या वाटेने आले म्हणून त्यांना फ्रान्समध्ये 'बंगाली' म्हटले गेले आणि शास्त्रातही 'इंडिका' हे नाव चिकटले. आपल्या देशाला हे न मागता मिळालेले श्रेय! खऱ्या भारतीय गुलाबाचे चित्रही या ग्रंथात आहे, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. 'रोझा क्लायनोफिला' हे नाव तोरीने 1817 साली याच ग्रंथात दिले आणि ते आजही मान्य आहे. बंगालच्या नदीकाठी, पावसाळ्यात पाणी चढते अशा जागी वाढणारा हा पांढरा, पाच पाकळ्यांचा साधा गुलाब. शास्त्राच्या दृष्टीने 'ले रोझ' निव्वळ सजावट नाही, याला आणखी कोणता पुरावा हवा?

छायाचित्राच्या युगात हे सारे कालबाह्य झाले, असा आक्षेप येईल. तो टिकत नाही. वनस्पतिशास्त्रीय नियतकालिकांतून नव्या जातींची वर्णने आजही रेखाचित्रांसह येतात. छायाचित्र एका झाडाचा एक क्षण पकडते. किडीने खाल्लेले पानही ते तितक्याच निष्ठेने दाखवते. चित्रकार अनेक फांद्या पाहतो, अपघाताने आलेले गाळतो, जातीचे असलेले राखतो आणि कळी, फूल, फळ एका पटावर आणतो. निवड हे बुद्धीचे काम आहे. रेषेमागे निर्णय असतो, आणि निर्णयामागे पाहणाऱ्याचे तासन्तास असतात.

शेवटी आपल्या दाराशी असलेली एक गोष्ट. पुण्याजवळ दापोडी येथे मुंबई सरकारचे वनस्पती-उद्यान होते. त्याचे अधीक्षक अलेक्झांडर गिब्सन यांनी 1847 ते 1850 या काळात तेथील वनस्पतींची जलचित्रे करवून घेतली. ती आज एडिंबरोच्या राजकीय वनस्पती-उद्यानात जतन केलेली आहेत आणि 2002 साली हेन्री नोल्टी यांनी त्यांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढी नोंद आहे. त्याचे नाव नाही. रदूतेच्या नावाने कपबश्या विकल्या जातात, त्याच्या सन्मानार्थ तोरीने एका गुलाबाला 'रेदुतेआ' असे नाव दिले. आणि आपल्याच रक्तानात्याचा असावा असा एक कलावंत, मुळेच्या काठी बसून पानाची शीर न् शीर टिपणारा, निनावी राहिला. त्याच्या साहेबाने झाडांची नावे काळजीपूर्वक लिहिली, माणसाचे लिहिले नाही. आपल्या समाजाच्या कलेतिहासात या माणसासाठी एक ओळ तरी राखली गेली पाहिजे, अशी आमची वाचकांना आग्रहाची विनंती आहे.

आमच्या परंपरेत गुलाबाला मोठा मान आहे. 'रोझरी' हा शब्दच मुळी गुलाबबागेचा, आणि लोरेतोच्या स्तवनमालेत पवित्र मरियेला गूढ गुलाब म्हटले आहे. पण प्रतीकाला मान देता देता प्रत्यक्ष गुलाब पाहायचे राहून जाते, हा धोका भक्तीलाही आहे आणि कलेलाही. कागदी फुलांनी वेदी सजवणाऱ्यांना तो विशेषच आहे. ज्याने निदलांची झालर मोजली नाही त्याने गुलाबाविषयी काढलेले उद्गार सैल असतात, मग ते व्यासपीठावरचे असोत की कवितेतले. रदूतेने आयुष्यभर फुलांसमोर बसून एकच शिस्त पाळली : जे समोर आहे ते आधी पुरते पाहावे. 1840 साली तो वारला तेव्हा कर्जबाजारी होता. त्याने पाहिलेले मात्र अजून खर्च झालेले नाही.